फोन आणा, भरून देतो

नवं वर्ष लागायला आठ दिवस राहिले आन् मन्मथआप्पा गल्लीतनं निघाले, की बाया आपापले फोन पदराखाली झाकायच्या. गडी माणसं खिशावर हात ठेवायची. आप्पा काय चोर न्हवते. ते फोन मागून घ्यायचे, तिथंच पायरीवर बसून त्यात पाच-सहा पॉडकास्ट भरायचे, आन् फडक्यानं पुसून परत द्यायचे.

"फोन आणा, भरून देतो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षं किराणा दुकानात बसलेला माणूस. गोड्या तेलाचा डबा भरताना थेंब सांडू नये म्हणून मान वाकडी करायचे, तशीच मान वाकडी करून फोनकडं बघायचे.

पॉडकास्ट म्हणजे काय हे ज्याला ठाऊक न्हाय त्याच्यासाठी सांगतो. रेडिओसारखंच असतंय, पर गाणी नसतेत. कुणीतरी पुण्या-मुंबईकडचा माणूस तासभर बोलतो आन् ऐकणाऱ्याला सुधरवतो. पहाटं कसं उठावं, राग कसा आवरावा, नव्या वर्षात नवा माणूस कसं व्हावं. मी चौथी शिकलोय. पाचवीत गुरुजींनी छडी उगारली, मी ती वरच्यावर धरली आन् तशीच हातात घेऊन घरी आलो. तवापासनं मला सुधरवायचं धाडस कुणी केलं न्हवतं. ह्याचा मला लई गर्व व्हता.

आमी सास्तूरचे. भूकंपानंतर नवी घरं मिळाली तवापासनं आप्पांचं घर आन् माझं घर समोरासमोर. त्याच्याआधी पत्र्याच्या शेडात व्हतो, तवा तर दोन्ही घरं एका चुलीवर जेवलीत. ते लिंगायत, कपाळाला तीन बोटं इभूत, गळ्यात लिंग, धोतर दुधासारखं. आन् ह्या सगळ्या थाटात गेली चार वर्षं कानात फोनचं ऐकायची दोन काळी बोंडं. लेकानं दुकान हातात घेतलं आन् बापाच्या हातात फोन दिला, तवापासनंचं हे.

दुकान सुटलं, पर दुकानदारी सुटली न्हाय. माल तेवढा बदलला.

"हा ताजा हाय, कालच आलाय," म्हणायचे. "हा जड हाय. एका बैठकीत पचायचा न्हाय, पाव-पाव तासानं घ्या." एखाद्याला नाक मुरडायचे, "ह्यात भेसळ हाय वो. दर धा मिनिटाला जाहिरात." आन् कुणी नको म्हणलं की, "नमुना तर घ्या! न्हाय आवडला तर परत आणा." ऐकलेलं परत कसं आणायचं हे कुणी विचारलं न्हाय.

प्रत्येकाला त्याच्या त्याच्या खोडीपरमाणं माल. सलूनवाल्या बापूला दिला "कमी बोला, जास्त ऐका" असा. बापू नव्या वर्षात आठ दिवस मुक्यानं दाढ्या करत बसला. गिऱ्हाईक बेजार झालं. गावातली खबर लागंना म्हणून दोघं-तिघं दाढीला लोहाऱ्याला गेले. दूधवाल्याला दिला "पहाटे पाचला उठा, आयुष्य बदला." तो ऐकून आला आन् म्हणला, "आप्पा, त्या बाबाला सांगा, पाचला माझं निम्म्या गावाला दूध घालून झालेलं असतंय. आयुष्य काय बदलंना."

आमच्या घरातल्यांना, म्हणजे माझ्या बायकोला, दिला "न्हाय म्हणायला शिका." दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणलो, "चा टाक."

"न्हाय."

"का गं?"

"त्यात सांगितलंय, आधी पाच मिनिटं विचार करायचा आन् मग न्हाय म्हणायचं. मी विचार केलाय."

चहा मी केला. साखर कुठल्या डब्यात असती हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

नुस्तं भरून देऊन आप्पा थांबायचे न्हाईत. चौथ्या दिवशी वसुलीला आल्यासारखे दारात हजर. "काय घेतलं त्यातनं?" आन् समोरच्यानं त्या ऐकलेल्यावर चार शब्द काढले, की आप्पा खुलायचे. ओट्यावर बसकण मारायचे, मांडीवर थाप द्यायचे, वाद घालायचे, दोन कप चहा प्यायचे. पर कुणी दुसरं काय काढलं, म्हणजे सोयाबीनला शेंग धरंना, सासूला बरं न्हाय, तर आप्पांचा चेहरा गुळगुळीत व्हायचा. "व्हय व्हय, बेस झालं," म्हणायचे आन् मान हलवत पुढं जायचे. सासू आजारी आन् हे म्हणतेत बेस झालं. लोक म्हणायले, आप्पाला शहाणपण चढलंय, गावातलं बोलणं आता त्यांच्या लायकीचं राहिलं न्हाय. लोक म्हणायले असं लिहितो, पर त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा व्हता.

माझा फोन बटणाचा. आप्पा म्हणायचे, "तात्या, तुमचा डबा लहान हाय, त्यात मावत न्हाय. माझ्यापाशी या, हितंच बसून घ्या. तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवलाय."

दुकानात असताना ते असंच करायचे. चांगल्या गुळाची ढेप आली की माझ्यासाठी बाजूला काढून, फडक्यात बांधून ठेवायचे. पर गूळ वेगळा. हा बाजूला काढलेला कशावर हाय, हे मी कधी विचारलं न्हाय. विचारायची गरज न्हवती. गावात राग म्हणलं की माझं नाव निघतंय. मला वाटलं, हा रागाचाच. चार लोकांत मला रागावर उपदेश ऐकाय बसवणार!

"आप्पा, तुमचा माल तुमच्यापाशी ठेवा."

"असू द्या," ते हसायचे. "नासणारा माल न्हाय."

दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी आमचं फाटलं. आन् ते मी फाडलं.

येळवस हा आमच्याकडचा मोठा सण, मार्गशीर्षातल्या अमावस्येचा. इंग्रजी नवं वर्ष त्याच्याच आगंमागं येतंय. त्या दिवशी गाव ओस, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पुजायचे, उभ्या ज्वारीत अंबील शिंपायची, आन् मग भज्जी, उंडे, खीर, पोट फुटंस्तवर. बोलवंल त्याच्या शेतात जाऊन जेवायचं. आन् त्या दिवशी भरल्या ताटावरनं उठायचं न्हाय. तसं उठणं म्हणजे त्याच्या पिकाला शाप दिल्यासारखं.

गेल्या येळवसाला मी आप्पांच्या कोपीत त्यांच्या शेजारी बसलो व्हतो. पंचवीस-तीस माणूस, पोरांचा कालवा, शेजारच्या शिवारात कर्णा लावलेला. माझ्या मनात एक दुखणं व्हतं. दिवाळी झाली आन् माझ्या थोरल्यानं चूल वेगळी केली व्हती. एकाच घरात दोन चुली. हे मी कुणाला बोललो न्हवतो. बोलायचं तर एकट्या आप्पांना, कारण पत्र्याच्या शेडातली ती एक चूल त्यांनाच ठाऊक.

मी ताटाकडं बघत बोललो. असलं बोलताना माणूस वर बघत न्हाय.

"आप्पा, थोरल्यानं चूल वेगळी केली. दिवाळीपासनं."

"व्हय व्हय!" आप्पा म्हणले आन् माझ्या पाठीवर थाप मारली. "लई बेस झालं! असंच पायजे!" आन् सुनेला हाक मारली, "सुनंदा, तात्यांना खीर वाढ गं."

मी वर बघितलं. माणूस हसत व्हता.

"आन् आता तेवढा तुमचा बाजूला काढलेला ऐका. नवं वर्ष लागायलंय."

माझा आवाज मोठा हाय. त्या दिवशी जास्तच मोठा निघाला. मी म्हणलो, "मन्मथशेठ, दुनियेचं ऐकायला तुमाला कान हायेत, शेजाऱ्याचं ऐकायला न्हाईत. ती बोंडं घालूनच जन्माला यायचं व्हतं." आन् उठलो. ताटात खीर तशीच. सगळी कोप माझ्याकडं बघायला लागली. आप्पांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन् विचारलं, "काय झालं तात्या? मीठ कमी पडलं का?"

मला वाटलं, वर आन् टिंगल करायलेत. मी बांध ओलांडून चालत घरी आलो.

मग वर्षभर मी बोललो न्हाय. घरासमोर घर असताना न बोलणं हे सोपं काम न्हाय, त्याला लई कष्ट पडतेत. साखर-पत्ती आणाय मी गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचो. आप्पा ओट्यावरनं हाळी द्यायचे, "बर्री तात्या, कूड्री!" या, बसा म्हणून. त्यांचं अर्धं कानडी लाडात आल्यावर निघायचं. मी आभाळाकडं बघत निघून जायचो.

"रोज आभाळात काय बघता वो?" आमच्या घरातल्यांनी विचारलं.

"पाऊस."

"मार्चात?"

एकदा तर आप्पा स्वतः माझ्या दारात आले. पाऊस भुरभुरत व्हता, डोक्यावर पोतं घेतलेलं. मी आत भिंतीकडं तोंड करून बसलो आन् जे जे साठलं व्हतं ते भिंतीला सांगितलं. चुलीचं, हसण्याचं, शहाणपणाचं. बरंच बोललो. आप्पा उभे राहिले, उभे राहिले, मग म्हणले, "बरं, येतो." मला वाटलं, ह्या माणसाला काळीजच न्हाय. एवढं बोललो, एका शब्दाचं उत्तर न्हाय.

ह्या वर्षी डिसेंबर सरत आला, पर आप्पा फोन भरायला निघाले न्हाईत. बायांचे फोन उघड्यावर पडलेले. सलूनवाला बापू मला म्हणला, "तात्या, औंदा आमाला सुधरवायला कुणी आलं न्हाय." मी म्हणलो, "माल संपला असंल." तो हसला न्हाय. मलाबी हसू आलं न्हाय.

येळवसाच्या दोन दिवस आधी आप्पांची सून सुनंदा बोलवायला आली. चौकटीला धरून उभी राहिली.

"तात्या, येळवसाला शेतात यायचं."

"बोलवाय शेठ का न्हाय आले?"

"त्यांना आता ऐकू येत न्हाय, तात्या."

"ते आधीबी येत न्हवतं," मी म्हणलो. मोठं बाणेदार बोललो असं वाटलं.

सुनंदा खाली बसली. म्हणली, "खरंच येत न्हवतं. सोलापूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं दिवाळीनंतर. डॉक्टर म्हणले, हे आजचं न्हाय, चार वर्षं झाली कमी कमी व्हायलंय. मामंजींनी घरात कुणाला कळू दिलं न्हाय. माणसांचं बोलणं समजायचं न्हाय त्यांना, नुस्ता गलका. मशीन लावून बघितलं, त्यातबी गलकाच. त्या फोनमधलं तेवढं कळायचं. आवाज पुरा सोडून, कानात घट्ट घालून, एकेक चार-चारदा. पाठ व्हायचं त्यांना."

"मग गावाला कशाला वाटायचे?"

"तुमी लोकं तेच ऐकायचा. मग त्याच्यावरच बोलायचा. काय बोलत असाल ते त्यांना अंदाजानं कळायचं. तेवढ्यापुरतं त्यांना माणसांत बसता यायचं. आता फोनमधलंबी येईना, म्हणून औंदा निघाले न्हाईत."

ती उठता उठता म्हणली, "तुमचंच लई वाटायचं त्यांना. म्हणायचे, सगळ्या गावाचं थोडं थोडं कळतंय, एका तात्यांचं कळंना. त्यांनी एकबी ऐकला न्हाय."

म्हणजे चुलीचं त्यांना कळलंच न्हवतं. भिंतीला सांगितलेलं भिंतीनंच ऐकलं. मीठ कमी पडलं का, हे त्यांनी खरंच विचारलं व्हतं.

सुनंदा ओट्याखाली उतरली तवा मी तिला हाक मारली. "तो माझा बाजूला काढलेला, तुझ्या फोनवर लागतो का?"

दुपार व्हती. माझ्याच ओट्यावर तिनं लावून दिला. मी रागावरचा उपदेश ऐकायला जीव घट्ट करून बसलो. आन् फोनमधनं एक म्हातारा बोलायला लागला. आवाजावरनं आपल्याच बाजूचा, शेतकरी. देवणी बैलांवर बोलत व्हता. खांदा कसा पारखावा, वशिंड कसं असावं, गोऱ्ह्याला औताला कधी धरावं. तासभर नुस्ते बैल. राग न्हाय, सुधारणा न्हाय, नवं वर्ष न्हाय. माझ्या दावणीला जन्मभर देवणीच. गावाला सुधरवणाऱ्या माणसानं मला सुधरवायचा इचारच केला न्हवता.

मधी तो म्हातारा दातावरनं बैलाचं वय सांगायला लागला. चुकीचं सांगत व्हता. मी बसल्या जागी ओरडलो, "न्हाय वो! सहा दाताला एवढं वय कुठं असतंय?"

सुनंदा तोंडाला पदर लावून बसली व्हती. म्हणली, "हितंच मामंजी थांबवायचे. म्हणायचे, हितं तात्या भांडतील बघ, हे त्यांना पटायचं न्हाय. माझं उत्तर तयार हाय."

दोन-तीन वर्षं माणूस उत्तर तयार करून बसला व्हता, आन् मी आभाळाकडं बघत व्हतो.

येळवसाला गेलो. आप्पा पांडवांपाशी बसले व्हते. कान रिकामे. कानात काय न्हाय असं बघून माणूस ओळखू येईना. मला बघून सरकले, जागा केली. "बर्री तात्या, कूड्री." गेल्या वर्षीच्या भांडणाची कपाळावर एक आठी न्हाय. ऐकू न येणाऱ्याचा आवाज मोठा व्हतो, तसा त्यांचा झालाय.

आधी मी बैलाचंच काढलं. म्हणलो, "आप्पा, त्याचं दाताचं चुकलंय." ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघायले. ओठ वाचत व्हते, पर माझ्या मिशा मोठ्या. ओठ दिसतेत कुठं? मग मी ज्यासाठी गेलो व्हतो ते बोललो. दोन शब्दांचं काम. जन्मात कुणाला म्हणलो न्हाय ते. पहिल्यांदा एवढं हळू म्हणलो की माझं मलाच ऐकू आलं न्हाय. दुसऱ्यांदा शेजारच्यांना ऐकू गेलं. सलूनवाला बापू हातातला उंडा तसाच धरून माझ्याकडं बघायला लागला. मग म्हणलो, आता लाज काय राहिलीय? दोन बोटांनी मिशा वर धरल्या, आप्पांच्या तोंडापुढं तोंड नेलं आन् शिवार हालंल एवढ्या मोठ्यानं म्हणलो. शेजारच्या कोपीतली माणसं बाहेर आली.

आप्पा हसले. मान हलवली. "व्हय व्हय," म्हणले. "बेस झालं." आन् सुनंदाला खूण करून माझ्या ताटात खीर वाढायला लावली.

मी ती सगळी खाल्ली. ताट पुसून खाल्लं. पर त्यांनी ती मान मला हलवली, का सगळ्यांनाच हलवतेत तशी हलवली, हे मला कळलं न्हाय. गेल्या वर्षी जवळ बसून बोललो असतो तर निम्मं तरी कानात शिरलं असतं. त्याच्या आधल्या वर्षी बरंच शिरलं असतं. तवा मला फुरसत न्हवती.

निघताना सुनंदा म्हणली, "तात्या, तुमी म्हणलेलं त्यांना कळलं नसंल. लिहून का दाखवत न्हाईत? डोळे चांगले हायेत त्यांचे. एकच तर ओळ हाय."

तवापासनं नातीची वही घेऊन बसतोय. आज चौथा दिवस. अक्षर वाकडं येतंय, वेळ लागतोय. ती एक ओळ सोडून बाकी सगळं लिहून झालंय.